हे तुमच्याच घरचं का हो?

मागच्या पावसाळ्यात दादरला एका छोट्या हॉलमध्ये आमचं कवितावाचन होतं, तीसेक खुर्च्या, त्यातल्या निम्म्या ओल्या छत्र्यांनी अडवलेल्या, आणि चहाच्या वेळी एक मावशी माझ्याजवळ आल्या आणि कुणाच्या आजारपणाची चौकशी करतात तशा खालच्या आवाजात म्हणाल्या, "ते पाणी भरायचं वाचलंत ना, ते तुमच्याच घरचं का हो?" मी हो म्हटलं. मग दोन सेकंदांनी "म्हणजे, तसं अगदी नाही" म्हटलं. मग चहा गार होईपर्यंत त्यांना काहीतरी समजावत बसले आणि शेवटी त्याच मला धीर देऊन गेल्या, "असू दे हो, होतं असं घराघरात." परत येताना बोरिवली स्लोमध्ये बसायला मिळालं, चक्क विंडो, आणि कांदिवलीपर्यंत मी हाच विचार करत आले की साधा प्रश्न आहे, मग उत्तर एवढं का अडखळलं. तर त्या मावशींना जे सांगायचं होतं ते इथे लिहितेय.

आधी हे मान्य करूया की त्यांचा प्रश्न काही चुकीचा नाही. आपल्याला शाळेपासून तसंच शिकवलंय, 'कवीला काय म्हणायचे आहे?' चार मार्क. कवितेच्या वर कवीचा परिचय, जन्म कुठे, बालपण कसं गेलं, आणि मग खालची कविता म्हणजे जणू त्या परिचयाचाच पुरावा. आता त्यात व्हॉट्सअ‍ॅपची भर पडलीय. प्रत्येक गाजलेल्या गाण्यामागची 'खरी गोष्ट' फिरत असते, कुणाची तरी बायको वारली आणि त्याच रात्री कवीने ते गाणं लिहिलं, खाली आठ रडके चेहरे. त्यातल्या बऱ्याच गोष्टी कुणीतरी रचलेल्या असतात पण आपल्याला त्या हव्या असतात, कारण 'हे खरंच घडलंय' कळलं की रडायला परवानगी मिळते.

पण कवी अनुभव वापरतो म्हणजे नेमकं काय करतो? तर बोंबील. हसू नका. ओले बोंबील आणलेत कधी? हातात धरले तर निसटतात, निम्मं पाणीच असतं. तसेच्या तसे तव्यावर टाकले तर लगदा होतो. म्हणून आई ते उभे चिरून, मीठ लावून, पाटाखाली ठेवायची आणि पाटावर वरवंटा. तासाभराने खाली पाणीच पाणी आणि वर चपटे, घट्ट झालेले बोंबील. मग मसाला, मग रवा, मग तवा. अनुभव हा बाजारातून आणलेला ओला बोंबील असतो, त्यात पाणी फार. 'मला किती वाईट वाटलं' हे सगळं पाणी. ते निघून गेल्यावर जे उरतं त्यावर काम करायचं असतं, आणि नवीन लिहिणारी बहुतेक मंडळी (मीसुद्धा, कित्येक वर्षं) पाण्यासकट तव्यावर टाकतात.

माझंच उदाहरण देते, दुसऱ्या कुणाचं दिलं तर भांडणं होतात. आम्ही लालबागच्या चाळीतले. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, भाड्याचा चेक घेतला आणि आम्ही कांदिवलीला आलो, तिसरा मजला, लिफ्ट, चोवीस तास पाणी. पहिल्या महिन्यात मी जी कविता लिहिली तिची सुरुवात अशी होती:

चाळ सुटली, माणसं सुटली
आठवणींची वीणच तुटली
कुठे हरवले ते जिव्हाळे
बंद दारांची गर्दी नुसती

वाचायला वाईट नाहीये, टाळ्या मिळतील, कुठल्याही गेट-टुगेदरला वाचा. पण यात माझं एकही काही नाही. ही चाळ लालबागची की गिरगावची की नागपूरची, सांगता येत नाही. मला खरंच रडू येत होतं लिहिताना, म्हणजे भावना शंभर टक्के खरी, आणि तरी कविता उसनी. इथेच गंमत आहे, अनुभव खरा असला म्हणून कविता खरी होत नाही. शब्द आधीच तयार असतात, 'आठवणींची वीण' वगैरे, आपण फक्त आपलं दुःख त्यात ओततो, रेडिमेड कुडत्यासारखं, खांद्यात नेहमी सैल.

दीड वर्षाने परत लिहिली. मध्ये काही ठरवून केलं नव्हतं, फक्त एक गोष्ट रोज बघत होते आणि ती बघतेय हे मला माहीत नव्हतं. ती अशी झाली:

पहाटे साडेचारला आई उठते
दिवा न लावता नळ सोडते
पिंप भरत आलं की नळाचा आवाज बारीक होतो
तेवढ्यावरून ती हात पुढे करते
चोवीस तास पाणी आहे गं आई
असू दे, म्हणते, आज आहे

मी काही ग्रेट कवयित्री नाही हे माहितीये, पण या दोनमध्ये काय फरक पडला ते बघण्यासारखं आहे. चाळ हा शब्दच गेला. आठवण शब्द गेला. माझं रडणं गेलं. उरलं काय, तर एक बाई अंधारात पाणी भरतेय, जिथे भरायची काहीच गरज नाही. आणि तो आवाज. भांडं भरत आलं की आवाज बदलतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण आई चाळीस वर्षं अंधारात त्या आवाजावर नळ बंद करत आलीय, मोरीत दिवा लावला तर आम्हा मुलांची झोप मोडेल म्हणून, हे मला लिहिताना कळलं. कविता लिहिली नसती तर कळलंच नसतं. म्हणजे अनुभव आधी आणि कविता नंतर असं सरळ नसतं, कधीकधी आपण काय अनुभवलं हे कवितेतच पहिल्यांदा दिसतं.

आता मावशींच्या प्रश्नाकडे. 'तुमच्याच घरचं का?' तर ऐका. पाणी यायचं पाचला, साडेचारला नाही. पिंप कांदिवलीला आलंच नाही, ते भंगारवाल्याला दिलं, आई भरते ती बादली आणि दोन कळशा. आणि या घरात माझा भाऊ, वहिनी आणि त्यांचा मुलगाही राहतो, जो पहाटे चारपर्यंत मोबाईल बघत जागाच असतो. कवितेत मात्र घरात आई आणि मी, दोघीच. भावाने वाचून सांगितलं, "मला तू घरातून काढलंस, निदान कवितेत तरी ठेवायचंस." साडेचार का केलं? कारण पाच वाजता अख्खी मुंबई उठते, दूधवाला, पेपरवाला, चालायला जाणारे सगळे. साडेचारला उठतात ते पाणी भरणारे आणि पहिली लोकल पकडणारे. खरी वेळ लिहिली असती तर अर्थाने खोटी पडली असती.

मला आधी याची लाज वाटायची, फसवतोय असं. मग कळलं की मोठमोठ्यांनी हेच केलंय आणि माझ्यापेक्षा धडधडीतपणे केलंय. इंग्रजीतली ती पिवळ्या डॅफोडिल फुलांची कविता आपल्यापैकी बऱ्याच जणांना शाळेत होती, वर्ड्सवर्थची. सुरुवातच 'मी एकटा ढगासारखा भटकत होतो'. एकटा? १५ एप्रिल १८०२ ला तो त्या तळ्याकाठी फिरायला गेला तेव्हा बरोबर सख्खी बहीण होती, डोरोथी. तिने त्या दिवसाबद्दल आपल्या डायरीत लिहून ठेवलंय, वारा किती होता, फुलं कशी दगडांवर डोकी टेकून दमल्यासारखी पडली होती, काही नाचत होती, सगळं. वर्ड्सवर्थने कविता लिहिली साधारण दोन वर्षांनी, छापली १८०७ मध्ये, आणि त्यात बहीण गायब. वर त्या कवितेतल्या दोन ओळी, ज्या सगळ्यात चांगल्या आहेत असं तो स्वतःच म्हणायचा, त्या बायकोने, मेरीने सुचवलेल्या. म्हणजे बघा, एकट्या माणसाची कविता आणि त्यात तिघांचा हात. आणि तरी 'एकटा' हवंच होतं, कारण कविता शेवटी जिथे जाते, माणूस घरी कोचावर पडलाय आणि ती फुलं आठवून मन भरून येतंय, तिथे बहीण शेजारी बसून 'हो ना, मीही होते' म्हणाली तर सगळंच गेलं. (माझ्या भावाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "डोरोथीने विचारलं होतं का त्याला?")

याच वर्ड्सवर्थचं ते प्रसिद्ध म्हणणं, की कविता म्हणजे शांतपणे आठवलेली भावना. लोक त्यातलं 'भावना' तेवढं उचलतात, मला 'आठवलेली' महत्त्वाचं वाटतं. गरम असताना लिहू नये असा नियम नाही, लिहा, डायरीत लिहा, फोनच्या नोट्समध्ये लिहा, पण ते बहुतेक वेळा डोरोथीची डायरी असतं, माल असतो. कविता व्हायला मध्ये काळ जावा लागतो, वरवंटा.

तपशील बदलण्याचं याहून टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथ. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी काही कवी घरातलं सगळं, आजारपण, लग्नं मोडणं, मनोरुग्णालयं, थेट कवितेत आणायला लागले, तेव्हा १९५९ मध्ये रोझेन्थाल नावाच्या समीक्षकाने त्यातल्याच रॉबर्ट लॉवेलच्या पुस्तकाबद्दल लिहिताना त्याला कबुलीजबाबाची कविता असं नाव दिलं, ते चिकटलं. प्लाथचं नाव त्यात नेहमी येतं. तिची बापावरची कविता, १९६२ च्या ऑक्टोबरमधली, एवढी रागाची आहे की वाचून अंगावर काटा येतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं हिने नुसतं ओकलंय. पण त्यात ती म्हणते, तुम्हाला पुरलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. प्रत्यक्षात वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. कवितेत त्या बापाला नाझींच्या वेशात उभं केलंय, खरे वडील जर्मनीतून आलेले, बॉस्टनच्या कॉलेजात शिकवणारे, मधमाश्यांचा अभ्यास करणारे प्राध्यापक, नाझी अजिबात नव्हते. म्हणजे ज्याला आपण सगळ्यात उघडंवाघडं, सगळ्यात 'खरं' लिखाण समजतो तिथेही वय बदललंय, बाप बदललाय. तिने लिहिला तो बाप तिच्या मनात बसलेला बाप होता, त्याला जन्मदाखला नसतो. (नाझींची उपमा घरच्या दुःखाला वापरावी का यावर तिकडे अजून वाद होतात, आणि व्हायलाच हवेत.)

बरं, मग कवितेतला 'मी' म्हणजे कवी नाहीच का? इथे लोक दोन टोकांना जातात. एक टोक मावशींचं. दुसरं टोक इंग्रजी कवी टी. एस. एलियटचं, त्याने १९१९ च्या निबंधात सांगून टाकलं की कलावंत जितका मुरलेला तितका त्याच्यातला भोगणारा माणूस आणि रचणारं मन वेगळं. ऐकायला भारी वाटतं, पण मला नेहमी वाटतं की हे म्हणायला जरा सुरक्षित घर लागतं. नारायण सुर्व्यांना सांगून बघा.

सुर्वे मुंबईत रस्त्यावर टाकून दिलेलं बाळ होते. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी आणलं, वाढवलं, आपलं नाव दिलं. पुढे गिरणीत काम, शाळेत शिपाई, मग शिकून शाळेतच मास्तर. १९६२ मध्ये पहिला संग्रह, १९६६ मध्ये 'माझे विद्यापीठ', आणि विद्यापीठ म्हणजे हाच रस्ता, हाच कामगार, हीच मुंबई. त्यांच्या कवितेतला 'मी' कवीपासून सोडवून बाजूला ठेवता येत नाही. पण त्यांचीच ती शाळेतली कविता घ्या, मास्तरांना उद्देशून असलेली. एक वेश्या पोराला शाळेत घालायला आलीय आणि बापाच्या नावाच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न, तर ती म्हणते मास्तर, तुमचंच नाव लिवा. तिथे बोलणारी ती बाई आहे. सुर्वे तिथे समोरच्या खुर्चीत आहेत, किंवा दाराशी, शिपायाच्या स्टुलावर. आणि गंमत बघा, ज्या माणसाला स्वतःला असंच कुणीतरी नाव दिलं, त्यानेच हा रकाना अचूक हेरला. स्वतःबद्दल एक अक्षर नाही आणि सगळा जन्म त्यात आहे. माझ्या मते आपला अनुभव वापरायची ही सगळ्यात अवघड तऱ्हा, तो दुसऱ्याला बोलायला देऊन आपण गप्प बसायचं.

अरुण कोलटकर तर त्याही पुढे. काळा घोड्याच्या वेसाइड इन नावाच्या हॉटेलात ते वर्षानुवर्षं खिडकीशी बसायचे आणि समोरच्या ट्रॅफिक आयलंडवर काय चाललंय ते बघायचे, इडल्या विकणारी, झाडणारी, रस्त्यावरची पोरं, उकिरडा. २००४ मध्ये, ज्या वर्षी गेले त्याच वर्षी, त्या सगळ्याचं इंग्रजी पुस्तक आलं आणि सुरुवातीच्याच कवितेत 'मी' म्हणून बोलतो कोण, तर आयलंडवर पसरलेला एक भटका कुत्रा, त्याला पहाटेची वेळ आवडते कारण तेव्हा शहर त्याचं एकट्याचं असतं. आता मावशी काय विचारणार? अनुभव म्हणजे फक्त आपल्यावर जे कोसळलं तेच असतं असं आपण धरून चालतो. चहा पीत कित्येक वर्षं एका चौकाकडे बघणं हाही अनुभवच. माझ्या ओळखीचे कितीतरी लोक म्हणतात माझ्या आयुष्यात काही घडलंच नाही, मी काय लिहू. अरे, चर्चगेटला रोज उतरतोस ना? इंडिकेटर बदलल्यावर आठशे माणसं एकदम प्लॅटफॉर्म बदलायला धावतात ते बघतोस ना?

तपशिलाबद्दल थोडं अजून बोलते, कारण सगळं तिथेच अडतं. बहिणाबाई चौधरी. जळगावकडच्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर ओव्या म्हणायच्या, मुलगा सोपानदेव वगैरेंनी त्या उतरवून घेतल्या म्हणून उरल्या, आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतरच्या वर्षी, अत्र्यांच्या पुढाकाराने. ऐन तारुण्यात नवरा गेला. आता त्यावर कुणीही काय लिहील, जग अंधारलं, आधार तुटला. त्यांनी काय म्हटलं?

लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू, रेखा उघडी पडली

मी ही ओळ शंभरदा वाचली असेल. आरशासमोर उभी असलेली बाई, कुंकू पुसलेलं, आणि इतकी वर्षं झाकलेली कपाळाची जागा पहिल्यांदा दिसतेय. कुंकू लावणाऱ्या बाईलाच हे सुचणार, त्या जागची कातडी जरा वेगळी दिसते हे पुरुष कवीला माहीतच नसतं. नशीब ही एवढी मोठी, हवेतली गोष्ट तिने बोटाने दाखवता येईल अशा जागी आणून ठेवली. रडारड शून्य. आणि एकदा 'उघडी पडली' म्हटल्यावर पुढे समाज तिच्याकडे कसं बघणार आहे तेही त्यात आलं, वेगळं सांगावं लागलं नाही.

याच्या उलट, न सांगून सांगणाऱ्या इंदिरा संत. पती १९४६ मध्ये गेले, लग्नानंतर दोघांचा मिळून एक संग्रह निघाला होता, 'सहवास'. नंतर त्यांच्या एकटीच्या कवितांमध्ये संध्याकाळ आहे, पाऊस आहे, वारा, दार, आणि एक 'तू' आहे जो कधी येत नाही. ज्याला माहीत नाही तो प्रेमकविता म्हणून वाचतो आणि तेही चुकत नाही. दार लावून घेतलंय पण फटीतून उजेड येतो.

आणि तुकोबा? तिथे माझी सगळी थिअरी कोसळते, म्हणून ते सांगायलाच हवं. १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ, धंदा बसला, थोरली बायको उपाशी गेली. आणि अभंगात ते चक्क तसंच्या तसं येतं, 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. उपमा नाही, दुसरं कुणी बोलत नाही, वेळ बदललेली नाही, हिशेबाच्या वहीतली नोंद असावी तशी ओळ. फक्त एक 'अन्न' दोनदा आलंय. ते दोनदा येणं म्हणजे तिचा आवाज आहे, बाकी ओळ तुकोबांची आणि ते दोन शब्द तिचे. पण त्याच अभंगात अगदी सुरुवातीला ते म्हणतात, 'नये बोलों परि पाळिलें वचन', हे बोलू नये खरं तर, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो. हे मला फार जवळचं वाटतं. एवढं सोसलेला माणूससुद्धा स्वतःबद्दल बोलताना आधी संकोचतो. आजकाल आपण विचारायच्या आधीच सांगतो, स्टेटसला.

आता भाषा. अनुभव म्हणजे घटना असंच आपण समजतो पण आपण कुठल्या शब्दांत वाढलो हाही अनुभवच आहे, कदाचित सगळ्यात खोलवरचा. नामदेव ढसाळ लहानपणी गावाहून मुंबईत आले, कामाठीपुऱ्याच्या त्या भागात वाढले, टॅक्सी चालवली, १९७२ मध्ये दलित पँथर उभी केली आणि त्याच सुमाराला 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची, आणि त्यात ते साधारण असं म्हणतात की पांढरपेशा जगाची हद्द संपते तिथून हे जग सुरू होतं. हे दादर-पार्ल्याच्या वाचकाला काही किलोमीटरवरच्या मुंबईबद्दल सांगावं लागत होतं! ढसाळांनी तोच अनुभव प्रमाण मराठीत लिहिला असता तर दया वाटली असती आणि काम संपलं असतं. त्यांनी तिथलेच शब्द आणले, शिव्यांसकट, त्यामुळे दया वाटून घ्यायची सोयच राहिली नाही. मीसुद्धा माझ्या कवितेत आधी 'घागर' लिहिलं होतं, छान दिसतं म्हणून. आमच्या घरात कुणी आयुष्यात घागर म्हटलेलं नाही. पिंप, कळशी, बादली, टमरेल. घागर काढली तेव्हा कविता जरा श्वास घ्यायला लागली.

आकृतिबंधाचंही थोडक्यात सांगते. अमेरिकन कवयित्री एलिझाबेथ बिशपची एक कविता आहे, हरवण्याच्या कलेबद्दल. किल्ल्या हरवतात, मग आईचं घड्याळ, मग घरं, शहरं, नद्या, एक अख्खा खंड, आणि शेवटी 'तू'. तिचे सतरा ड्राफ्ट सापडलेत. पहिला नुसता भरकटलेला आहे, गद्यासारखा, चष्मा कुठे ठेवला वगैरे. मग तिने त्याला एका जुन्या कडक छंदाच्या साच्यात कोंबलं ज्यात दोन ओळी फिरून फिरून यायलाच लागतात, आपल्या ध्रुपदासारख्या. त्यामुळे झालं काय, की 'हरवण्यात काही कठीण नाही' हे ती पुन्हापुन्हा म्हणते आणि दरवेळी आपला विश्वास कमी होत जातो. शेवटी तर स्वतःलाच दटावते, लिही! साचा नसता तर ते दटावणं आलंच नसतं. आपल्याकडे ओवी, अभंग हे त्याच कामाचे. दुःखाला धरायला काठ लागतो.

आता जे सांगायला मला आवडत नाही ते. तपशील, तपशील असं मी इतका वेळ बोलतेय, पण ज्या तपशिलाने कविता जिवंत होते त्याच तपशिलाने माणूस ओळखूही येतो. चार वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी कविता आली, चाळीतल्या एका बाईवर, नवरा पिऊन आला की ती बाहेर गॅलरीत येऊन शांतपणे लसूण सोलत बसायची. आतला आरडाओरडा थांबेपर्यंत सोलायची. नाव नाही, मजला नाही. पण लसूण होता. कुणीतरी अंकातल्या पानाचा फोटो काढून चाळीच्या ग्रुपवर टाकला, 'आपल्या चाळीची लेक' म्हणून कौतुकाने, आणि अर्ध्या तासात सगळ्यांना कळलं कोण ते. काकूंनाही. त्यांनी ग्रुप सोडला. मला फोन नाही, काही नाही. आईला एकदा परळच्या बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तिला सांगा, लसूण मी भाजीसाठीच सोलायचे."

त्या कबुलीजबाबवाल्या लॉवेलने १९७३ मध्ये पुस्तक काढलं त्यात घटस्फोट दिलेल्या बायकोची खासगी पत्रं वापरली, वर बदलून वापरली, म्हणजे तिने न लिहिलेलं तिच्या तोंडी घातलं. बिशप त्याची जिवाभावाची मैत्रीण, तिने छापायच्या आधीच त्याला पत्र लिहून बजावलं होतं की कला एवढी काही मोलाची नसते. त्याने छापलं. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. मी हे वाचलं तेव्हा बिशपची बाजू घेतली, लगेच, जोरात. मग लसूण आठवला.

तेव्हापासून मी एक पाळते, घरच्यांवर काही लिहिलं तर छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवते. त्याने कविता चांगली होते असं मुळीच नाही, उलट दोन-तीन तशाच फोनमध्ये पडून आहेत. काकूंचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. संग्रह काढायचा चाललाय, त्यात ती कविता सध्या नाहीये. माझी सगळ्यात चांगली कविता ती होती असं मला वाटतं.

पाण्याची कविता आईला वाचून दाखवली होती, स्वयंपाकघरात, ती मटार सोलत होती. साडेचारवर काही बोलली नाही. पिंपावरही नाही. भाऊ कुठे गेला तेही नाही विचारलं. मग म्हणाली, "आवाज बारीक होतो ते नळाचा नाही गं. नळाचा तसाच असतो. पिंपाचा होतो."

दादरला वाचताना मी पिंपाचा असं वाचलं.